उजेडात धरलेली पक्कड

दीडशे रुपयांची पक्कड घ्यायला एकट्यानं जाऊ नये, असा आमच्या कॉलनीत अलिखित नियम आहे. फ्लॅट घ्यायला माणूस एकटा गेला तरी चालतं. तिथं फसवणूक ठरलेलीच असते, साक्षीदार कशाला? पण पक्कड, पाना, हातोडी, छिन्नी यांतलं काहीही घ्यायचं झालं तर आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन बापूंच्या दाराची कडी वाजवायची. बेल वाजवायची नाही. ती बेल बापूंनी स्वतः तपासून ‘बोगस’ ठरवलेली आहे आणि बसवणाऱ्या वायरमनवरचा राग म्हणून ते तिला ओ देत नाहीत.

बैलाचे दात बघून वय सांगणारा माणूस जसा गावोगावच्या बाजारात असतो, तसा कारखान्यांच्या शहरात हत्यारांचा पारखी असतो. पुण्यात ही जात भोसरी-चिंचवडनं जोपासली, नाशकात सातपूर-अंबडनं, मुंबईत गिरण्यांच्या फिटिंग खात्यांनी. ओळखायला सोपी. वयाची पासष्टी उलटलेली, शर्टाला दोन खिसे, चष्म्याला दोरी, अंगठ्याच्या नखावर एक जुना काळा डाग आणि नव्या वस्तूबद्दल मुरलेला संशय. आयटीआयचा फिटर, मग आयुष्यभर टूलरूम, मग शाल, श्रीफळ आणि कंपनीनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ पहिल्याच आठवड्यात उघडून झालेलं असतं.

या संशयाचं मूळ आयटीआयमध्ये आहे. पहिल्या वर्षी फिटरच्या पोराच्या हातात लोखंडाचा ठोकळा आणि कानस देतात आणि सांगतात, बाजू काटकोनात आण. पोरगा घासतो. गुण्या लावतो, उजेडाकडे धरतो. फटीतनं उजेड दिसतो. पुन्हा घासतो. आठवडेच्या आठवडे हेच चालतं. ठोकळा काटकोनात येतो की नाही कोण जाणे, पोरगा मात्र कायमचा काटकोनात येतो. पुढं जन्मभर हातात काहीही पडलं तरी तो ते आधी उजेडाकडे धरतो. बापू पाचशेची नोट उजेडाकडे धरतात, त्यात नवल नाही. ते लग्नपत्रिकाही धरतात.

बापू बाजाराला निघाले की एका खिशात सहा इंची स्टीलपट्टी आणि जुन्या स्पीकरमधनं काढलेलं लोहचुंबक. दुसऱ्या खिशात कानशीचा बोटभर तुकडा आणि वर्तमानपत्राची घडी. वर्तमानपत्र वाचायला नसतं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत या सामानासकट ते शिरले की दुकानांमध्ये बारीकशी हालचाल होते. काही शेठ अचानक फोनवर बोलायला लागतात. बापूंचे ठरलेले शेठ मात्र पळत नाहीत. त्यांनी नशिबाचा स्वीकार केलेला आहे.

“शेठ, आठ इंची पक्कड दाखवा.”

शेठ पोऱ्याला हाक मारतात, “खालच्या डब्यातली नको रे. बापू आलेत.”

खालच्या डब्यात काय असतं हे आम्हा बाकीच्या गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या घरी तेच असतं.

पहिली पक्कड येते. बापू तिचे जबडे मिटून ट्यूबलाइटकडे धरतात आणि एक डोळा बारीक करतात. टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत आणि तार कापायच्या धारांमधनं उजेड दिसता कामा नये. दिसतो. पक्कड बाजूला. दुसरीत उजेड नाही, पण बापू तिचे पाय फाकवून आडवे हलवतात आणि रिव्हेटपाशी सूक्ष्म कट्‌ असा आवाज होतो. आपल्याला तो ऐकूही येत नाही. बापूंचा चेहरा मात्र लापशीत खडा लागल्यासारखा होतो. बाजूला. तिसरीच्या सांध्याला हालचाल नाही, उघडझाप एका हातानं होते. आता वर्तमानपत्राची घडी निघते. कागदाचा एक पापुद्रा धारेत घालून ते मूठ दाबतात. कागद तुटला पाहिजे, दुमडता कामा नये. अग्रलेखाचा कोपरा स्वच्छ तुटून काउंटरवर पडतो. शेठ श्वास सोडतात, तो जरा लवकरच. कारण आता कानस निघालेली असते.

“बापू, माल खराब होईल.”

“चांगला असेल तर काही होणार नाही. खराब असेल तर आधीच झालेला आहे.”

ही परीक्षा मात्र ऐकायची असते. कापायच्या धारेच्या कडेवर कानस हलकेच ओढायची. पोलादाला नीट पाणी दिलेलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी सुर्रकन घसरते, धार जागची हलत नाही. पाणी कमी असेल तर कानस धरते, खर्र होतं आणि कडेवर चकचकीत ओरखडा उमटतो. अशी पक्कड घरी नेली की पहिल्याच खिळ्याला तिच्या धारेत खिळ्याच्या मापाची खाच पडते आणि पुढं ती फक्त त्याच मापाचा खिळा ओळखते.

तिसरी पक्कड पास होते. आपण पाकिटाला हात घालतो. पण बापूंचं अजून मुठीचं उरलेलं असतं. लाल प्लास्टिकची मूठ बघून गिऱ्हाईक खूश होतं की शॉक लागणार नाही. बापू त्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे आकडे शोधतात. ती खूण खरी असेल तर तो एकेक नग कारखान्यात १०,००० व्होल्टला तपासलेला असतो, तेव्हा कुठं १००० ला वापरायची परवानगी. खूण नसेल तर ती लाल मूठ म्हणजे नुसती हाताला मऊ लागावी म्हणून. “मऊ लागतंय तोवर ठीक,” बापू म्हणतात. “मेन स्विच आधी बंद करायचा. स्विच बंद करायला पक्कड लागत नाही.”

हत्यारावर कोरलेल्या अक्षरांवर त्यांचा अजिबात विश्वास नाही. हल्ली रस्त्यावरच्या पान्यावरसुद्धा ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं दिमाखात कोरलेलं असतं. बापू म्हणतात, अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही. आयएसआयच्या शिक्क्यावर त्यांचा विश्वास आहे, पण शिक्का कोरणाऱ्यावर नाही. पकडीसाठी भारतीय मानकाचा क्रमांक ३६५०, हातोडीसाठी ८४१, रिंग पान्यासाठी २०२९, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ आहेत. शिक्क्याजवळ परवान्याचा क्रमांक असतो, तो मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून बघता येतो, हे भाच्यानं त्यांना दाखवलं, तो दिवस बोहरी आळीला महाग गेला. आता ते काउंटरवर उभं राहून एका बोटानं आकडे टाइप करतात आणि मागची रांग परवान्याची वाट बघत उभी राहते.

बापू किंमत पाडून मागत नाहीत, हे मात्र सांगायलाच हवं. त्यांच्या मते घासाघीस हा गाढवपणा आहे. दहा रुपये कमी करून घेतलेली वाईट पक्कड दहा रुपयांनी चांगली होत नाही. ते फक्त डबा मागतात. एकाच कंपनीच्या, एकाच साच्यातल्या दहा पकडी. त्यांतल्या चार टाकाऊ, चार बऱ्या आणि दोन अशा निघतात की तिप्पट किमतीच्या पकडीनं बाजूला सरून जागा द्यावी.

“साचा एकच ना, बापू?”

“साचा एक. पाणी देणाऱ्याचा मूड निराळा.”

आणि मग ते आपलं अर्थशास्त्र मांडतात. नामांकित कंपनीच्या हत्यारात पोलाद फार निराळं असतंच असं नाही. निराळा असतो तो कारखान्यातला तपासनीस. दहातल्या चार पकडी तो तिथंच भंगारात टाकतो. त्याचा पगार आणि त्या चार पकडींचा खर्च आपल्या बिलात येतो. स्वस्त माल म्हणजे ज्यातनं तपासनिसाला काढून टाकलंय तो माल. दहाच्या दहा पकडी बाजारात येतात आणि तपासणीचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं. “वाचलेले दीडशे रुपये ही तुझी मजुरी आहे,” ते मला म्हणाले. “काम न करता मजुरी घेतलीस तर पक्कड तुझ्याकडनं ती वसूल करणारच.”

म्हणून नामांकित मालाबद्दल ते वाकडं बोलत नाहीत. टपारियाची पक्कड हातात आली की ती नाशिकची, १९६९ पासूनची, सुरुवात स्वीडनच्या बाहकोच्या तांत्रिक सहकार्यानं, हा वंशवृक्ष ते सांगतात. तिथनं गाडी स्वीडनला जाते आणि योहानसन नावाच्या माणसानं १८९२ साली आपल्या आजच्या स्क्रू-पान्याचं पेटंट कसं घेतलं, इथं येऊन थांबते. थांबते म्हणजे आपण थांबवतो. एरवी स्क्रू-पाना कुठल्या बाजूला फिरवायचा यावर दुसरं व्याख्यान असतं. जोर नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर आला पाहिजे. सरकत्या जबड्यावर आला की तो ढिला होतो, पाना सटकतो, नट गोल होतो आणि माणूस म्हणतो पाना बोगस. मोडक्या हत्यारांबद्दल बापूंचं निदान ठरलेलं आहे: निम्मी मेलेली नसतात, मारलेली असतात. स्क्रू ड्रायव्हरची छिन्नी केलेली, पकडीची हातोडी केलेली, पान्याला पाइप घालून त्याला भीमाची गदा केलेली.

पारख्याचा खरा आनंद वाईट माल पकडण्यात नसतो. तो तर पोऱ्यासुद्धा पकडतो. खरा आनंद असतो तो लोकांनी वाईट म्हणून टाकलेल्या मालात चांगला ओळखण्यात. समोरच्या इमारतीतल्या एका तरुण इंजिनिअरनं मापाची टेप परत करायला काढली होती. तक्रार अशी की टेपच्या टोकाचा आकडा ढिला आहे, मागं-पुढं हलतो. बापूंनी टेप घेतली, आकडा हलवून बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर सत्यनारायणाचा प्रसाद मिळाल्याचं समाधान उमटलं. तो आकडा हलायलाच हवा, आणि नेमका स्वतःच्या जाडीएवढा. टेबलाच्या कडेला अडकवून ओढलं की आकडा बाहेर सरकतो, खिडकीच्या आतनं माप घेताना भिंतीला टेकवला की आत सरकतो. दोन्ही वेळा आकड्याची जाडी मापातनं आपोआप वजा किंवा जमा होते. ज्याचा आकडा घट्ट ठोकून बसवलाय ती टेप दोन्हींपैकी एका ठिकाणी खोटं बोलते. “चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस?” बापूंनी विचारलं. “हो, काका. कॉम्प्युटरमध्ये.” “मग ठीक आहे,” असं म्हणून बापूंनी त्याला क्षमा केली.

गुण्या आणि लेव्हल घेताना तर त्यांना दुसरं काही लागतच नाही. फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारायची, गुण्या पालथा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. वर जाऊन फाकल्या तर जेवढी फाक, त्याच्या निम्मी चूक. लेव्हलचंही तेच. ओट्यावर ठेवायची, बुडबुडा बघायचा, टोकांची अदलाबदल करून तिथंच ठेवायची. बुडबुड्यानं जागा बदलली तर लेव्हल खोटी, मग ओटा कसाही असो. खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला दुसरं खरं हत्यार शोधत बसायचं नाही, त्यालाच फिरवून विचारायचं. हीच पद्धत बापू प्लंबरवर वापरतात. आज विचारतात, “किती वाजता येणार?” उद्या विचारतात, “काल कितीला आला होतास?”

एवढं ऐकून कुणाला वाटेल की बापू स्वस्त मालाच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. घमेलं, थापी, प्रायमर मारायचा ब्रश, सी-क्लॅम्प, खिळे ठेवायचा डबा, यांसाठी जास्त पैसे देणाऱ्याला ते मूर्ख म्हणतात. त्यांचा प्रश्न एकच असतो आणि तो दुकानदाराला कळत नाही: हे मोडेल तेव्हा माझा हात कुठं असेल? थापीची मूठ निघाली तर सिमेंट सांडेल. पाना फाकला तर बोटांची सालं जातील. हातोडीचा दांडा सुटला तर डोकं उडून शेजाऱ्याच्या गाडीवर जाईल आणि पुढं महिनाभर सोसायटीच्या मीटिंगमध्ये गाजेल. हत्यार मोडणार हे धरूनच चालायचं. मोडल्यावर काय जाणार, यावरनं किती पैसे घालायचे ते ठरवायचं.

या हिशेबात त्यांच्या लेखी बाजारातली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे तीस-चाळीस रुपयांचा टेस्टर. शर्टाच्या खिशाला लावून फिरायची वस्तू, गावातला प्रत्येक हौशी माणूस ती लावून फिरतो. बापू दुकानातच तिची टोपी उघडतात आणि आतलं सामान तळहातावर ओततात: स्प्रिंग, इवलासा निऑनचा दिवा आणि मटकीपेक्षा जरा मोठी, रंगीत पट्ट्यांची कांडी. ही कांडी म्हणजे रेझिस्टर, साधारण दहा लाख ओहमचा. टेस्टर पेटतो तेव्हा करंट दिव्यातनं, कांडीतनं आणि टोपीवर ठेवलेल्या बोटातनं आपल्या अंगात शिरून जमिनीत जात असतो. २३० व्होल्ट भागिले दहा लाख म्हणजे पाव मिलिअँपिअरच्याही आत, त्यामुळं आपल्याला पत्ता लागत नाही. “म्हणजे आपण आणि स्मशान यांच्यामध्ये एवढीच कांडी,” बापू पोऱ्याला समजावतात, “आणि तू ती चाळीस रुपयांत विकतोस, स्प्रिंगसकट.” पोऱ्यानं त्या दिवसापासनं टेस्टर विकायचं काम धाकट्या भावाकडे दिलं आहे.

ग्राइंडरच्या चकत्यांबाबत ते याहून कडक आहेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. चकतीच्या काठाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगानं फुटलेला तुकडा कुठं जायचं ते विचारून जात नाही. म्हणून बापू चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर तारीख शोधतात. चांगल्या कंपन्या तिथं मुदत छापतात. चकती चिकटवणारं राळेचं मिश्रण दमट हवेत हळूहळू कमजोर होतं, म्हणून साधारण तीन वर्षांची. आमच्या कॉलनीत चकतीला एक्सपायरी असते हे कळल्यावर एका गृहस्थांनी बाल्कनीतला साठा काढून बघितला. सगळ्यात ताज्या चकतीची मुदत त्यांच्या मुलीच्या बारशाच्या सुमाराला संपली होती. मुलगी आता दहावीला आहे.

बापूंची आध्यात्मिक बाजू बघायची तर त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात जावं. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं ताडपत्रीवर गंजकी पटाशी, मूठ नसलेली कानस, रंध्याचं पातं असा ऐवज पसरलेला असतो. नव्या चकचकीत संचापुढं ज्यांचा चेहरा दगडी असतो ते बापू इथं उकिडवे बसतात. गंज त्यांना चालतो; गंज वरवरचा असतो, क्रोमचा मुलामाही वरवरचाच असतो, फक्त गंज खोटं बोलत नाही. एखादी छिन्नी आवडली की ते ती ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊन ग्राइंडरला टेकवतात. ठिणग्या लांब, पिवळट आणि सरळ रेषेत उडाल्या की साधं नरम लोखंड. जवळच्या जवळ फुटून फुलबाजीचे फाटे फुटले की कार्बनवालं पोलाद. मंद लालसर आणि आखूड असल्या की ओतीव बीड, ठेवून द्या. पाच सेकंदांत निकाल. पण बापू अर्धा मिनिट टेकवून ठेवतात, आवडतं म्हणून.

इथंच ते पाण्याबद्दल बोलतात. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातनं कोयता घडवणारा खेड्यातला लोहार काय करतो? तापवतो, पाण्यात बुडवतो. पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग पुन्हा बेतानं तापवतो आणि रंग बघत बसतो: आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. छिन्नीला जांभळ्याच्या आसपास थांबायचं, स्प्रिंगला निळ्यावर. थांबायचं कुठं एवढंच सारं कौशल्य, आणि स्वस्तातल्या कारखान्यात घाई होते ती नेमकी तिथं. म्हणून छिन्नीच्या दोन टोकांना बापू दोन वेगळे नियम लावतात. धारेवर कानस घसरली पाहिजे. ज्यावर हातोडी बसते त्या माथ्याला कानशीनं धरलं पाहिजे. माथाही कडक ठेवला तर त्याचा टवका उडतो. नरम माथा चेपतो, कडेनं पाकळ्या फुटतात, बघणाऱ्याला कळतं की आता घासून काढायला हवं. “वाकणारं हत्यार नोटीस देतं,” बापू म्हणतात, “तुटणारं थेट निकाल देतं. स्वस्तात घ्यायचंच तर नोटीस देणारं घे.” हत्यार भरवशाचं म्हणजे ते कधीच दगा देणार नाही असं नाही, दगा देण्याआधी ते कळवतं.

आता नवी पिढी बाजारात जात नाही, बाजार दारात येतो. आमच्याच जिन्यातल्या एका मुलानं फोनवरनं सेहेचाळीस नगांचा सॉकेट संच मागवला आणि कौतुकानं बापूंपुढं उघडला. चार तारे, हजारो लोकांनी दिलेले.

“हे तारे कधी दिले लोकांनी? खोकं उघडल्यावर की काम झाल्यावर?”

मुलानं अभिप्राय वाचून दाखवले. पॅकिंग छान. वेळेत मिळालं. बाबांना भेट दिली, बाबा खूश.

“म्हणजे खोक्याची परीक्षा झाली. पोचवणाऱ्याची झाली. बाबांचीसुद्धा झाली. आता एक तारा देणारे वाच, तेही दोन-तीन महिन्यांनी लिहिलेले. आणि रडणं वाचू नकोस, काय मोडलं ते वाच.”

मुलानं वाचलं. मोडलं होतं ते बहुतेकांचं एकच: रॅचेटचे दात. बापूंनी रॅचेट कानाशी नेऊन फिरवलं, दोन सॉकेट चुंबकाला लावले, एक नटावर बसवून हलवला आणि निकाल दिला. सॉकेट ठेव, ते ठीक आहेत. रॅचेट दिवाळीच्या माळा लावायला वापर. खऱ्या कामाला एक चांगलं वेगळं घे. मुलगा चकित झाला, कारण संच परत पाठवायची त्यानं मनाची तयारी केली होती. त्याला हे नवं होतं की एखादी वस्तू अर्धी चांगली असू शकते आणि अर्ध्या वस्तूपुरते पैसे दिले असतील तर सौदा वाईट नसतो. ड्रिल मशीनबाबत बापूंचा सल्ला याहून थोडक्यात: किती वॉट ते विचारू नकोस, कोपऱ्यावरच्या वायंडिंगवाल्याकडे याचे कार्बन ब्रश मिळतात का ते विचार.

एवढ्या अधिकाराच्या माणसाला घरात कुणी किंमत देत नाही, ही या जातीची आणखी एक ओळख. काकूंच्या ओट्यावर एक पक्कड आहे. बापूंनी कधीकाळी नापास केलेली; टोकं जुळत नाहीत, सांधा ढिला, लाल मूठ एका पायाची गेलेली. सिलिंडरची टोपी, लोणच्याच्या बरणीचं झाकण, दळणाच्या डब्याची वाकलेली कडी, सगळं तीच सांभाळते. बापूंनी ती फेकायचा मुद्दा काढला.

“अगं, तिचा सांधा गेलाय.”

“सांधा माझाही गेलाय. कामं थांबलीत का?”

शिवाय काकूंची हत्यार तपासायची स्वतःची कसोटी आहे, आणि ती कुठल्याच मानकात नाही: लागेल तेव्हा सापडतं ते हत्यार चांगलं. बापूंची उत्तमोत्तम हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये घालून, कुलपाच्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली बापूंकडे आणि बापू जुन्या बाजारात.

त्या कपाटाला तीन खण आहेत आणि कॉलनीतल्या प्रत्येक माणसाची जागा त्यांतल्या एका खणात आहे, हे मला फार उशिरा कळलं. खालच्या खणात स्वस्तातलीच हत्यारं आहेत, आणि ती बापूंनी स्वतः, बघून-सवरून, बोहरी आळीतल्या त्या खालच्या डब्यातनं घेतलेली आहेत. शेठना आधी वाटलं, बापूंची नजर गेली. नजर शाबूत होती. ती हत्यारं उसनं मागायला येणाऱ्यांसाठी होती. टूलरूममध्ये भोक मापात आहे का ते बघायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आकडे वाचायची भानगड नाही, हो किंवा नाही. बापूंनी सत्तर रुपयांत माणसांसाठी तसं गेज करून घेतलं आहे. पक्कड उसनी द्यायची आणि वाट बघायची. परत आली का? मागायच्या आधी आली का? पुसून आली का? तार कापायला नेलेल्या पकडीच्या पाठीवर खिळे ठोकल्याचे डाग आहेत का?

परत आली नाही तर सत्तर रुपयांत माणूस कळला. बापूंच्या मते याहून स्वस्त आणि अचूक मोजमाप बाजारात मिळत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी खालच्याच खणात आहेत; त्यांनी नेलेला पाना गेल्या गणपतीपासनं त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आहे आणि हिशेब तपासायच्या वेळी बापू हे विसरत नाहीत. ज्यांच्याकडनं हत्यार वेळेवर आणि पुसून परत येतं त्यांना पुढच्या वेळी मधल्या खणातलं मिळतं, बोहरी आळीत डबा उपसून निवडलेलं. परवा नळाचा चेकनट काढायला मी पाना मागितला, तर बापूंनी मधला खण उघडला. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “पगारवाढीच्या पत्राला एवढे खूश झाला नव्हतात.”

पाना परत करताना मी धीर करून विचारलं, “बापू, वरच्या खणातलं कुणाला देता?”

बापूंनी पाना उलटसुलट करून बघितला, जबड्यावर अंगठा फिरवला आणि जागेवर ठेवून दिला.

“वरच्या खणातलं कुणालाच देत नाही,” ते म्हणाले. “तसं काम असलं तर सांग. मी येतो.”